पडलेल्या दुधाच्या दातात काय सापडलं? पर्यावरणातला धोका ओळखणारं बायोमेडिकल सायन्स

आपल्याकडे मुलाचा दुधाचा दात पडला की तो छपरावर फेकायची पद्धत अनेक घरांत आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सोमरव्हिल या दोन शहरांत मात्र पहिली-दुसरीतल्या मुलांचे असे दात चक्क शाळेतून गोळा केले जात होते. ते मागणारे होते हर्बर्ट नीडलमन, बालरोग आणि बालमानसोपचार या दोन्ही शाखांचे डॉक्टर. २,३०० हून अधिक मुलांनी त्यांना दात दिले.

नीडलमन यांना या दातांमध्ये शिसं किती साठलंय ते मोजायचं होतं. ही मुलं आजारी नव्हती. दवाखान्यात नेलं असतं तर 'मूल ठणठणीत आहे' असंच कुणीही सांगितलं असतं. त्यांनी दातात सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी शिसं असलेल्या मुलांच्या चाचण्या घेतल्या. जास्त शिसं असलेल्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी चार-साडेचार गुणांनी कमी भरला. शिक्षकांकडूनही माहिती घेतली होती. कोणत्या मुलाच्या दातात किती शिसं आहे हे शिक्षकांना माहीत नव्हतं. तरीही 'लक्ष एका जागी राहत नाही', 'सांगितलेलं करता येत नाही' अशा तक्रारी दातातल्या शिशाबरोबर पायरीपायरीने वाढत गेलेल्या दिसल्या. हा अभ्यास १९७९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला.

पर्यावरणातून होणाऱ्या आजारांची खरी अडचण इथे दिसते. नुकसान होत असतं, पण ते आईवडील, शिक्षक, डॉक्टर यांपैकी कुणालाच दिसत नाही. ते दाखवून देण्याचं काम ज्या शास्त्राचं आहे, त्याचं नाव बायोमेडिकल सायन्स. मराठीत याला जैववैद्यकशास्त्र म्हणतात.

बायोमेडिकल सायन्स म्हणजे नेमकं काय?

एमबीबीएस झालेला डॉक्टर समोरच्या रुग्णावर उपचार करतो. बायोमेडिकल सायन्स शिकलेली व्यक्ती रुग्ण तपासत नाही. शरीरात बिघाड होतो तो कुठे, कोणत्या पेशीत, कोणत्या रासायनिक टप्प्यावर आणि कशामुळे होतो, याचा शोध ती घेते. त्यासाठी जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, आनुवंशिकी, रोगप्रतिकारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि विषशास्त्र हे विषय शिकावे लागतात. संख्याशास्त्रही येतं. अनेक विद्यार्थी त्याला कंटाळतात, पण पर्यावरणीय आरोग्याच्या कामात निम्मी लढाई संख्याशास्त्राच्या मैदानावरच होते.

एक गल्लत नेहमी होते. बायोमेडिकल इंजिनिअरिंग वेगळं, त्यात यंत्रं आणि उपकरणं बनवतात. लॅब टेक्निशियनचा डीएमएलटीसारखा कोर्सही वेगळा, त्यात ठरलेल्या तपासण्या अचूक करायला शिकवतात. कोणती तपासणी करायची आणि तिच्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे ठरवणारं ज्ञान बायोमेडिकल सायन्समधून येतं.

पर्यावरणशास्त्र सांगतं की हवेत, पाण्यात, मातीत अमुक इतकं विष आहे. पण हवेतलं विष आणि शरीरातलं विष यांत मोठं अंतर असतं. त्यातलं किती आत जातं, कुठे साठतं, काय बिघडवतं आणि किती प्रमाणापासून बिघडवतं, हे प्रश्न त्यापुढचे आहेत. शिसं हा धातू घेतला तर या प्रश्नांची उत्तरं कशी मिळत गेली ते नीट दिसतं. गेल्या शंभर वर्षांत इतक्या बारकाईने अभ्यासली गेलेली विषं फार थोडी आहेत.

शरीर शिशाला कॅल्शियम समजतं

शिशाचा शरीरात काहीही उपयोग नाही. लोह, जस्त, तांबं हे धातू थोड्या प्रमाणात लागतात, शिसं अजिबात लागत नाही. तरीही ते आत शिरतं, कारण शरीराला ते वेगळं ओळखता येत नाही. शिशाचा आयन कॅल्शियमच्या आयनाची जागा घेऊ शकतो. आतड्यात कॅल्शियम आणि लोह आत घेणारे जे मार्ग आहेत, त्यांतूनच शिसंही जातं.

मोठ्या माणसाने शिसं गिळलं तर त्यातलं साधारण १० टक्के शरीरात शोषलं जातं. लहान मुलांमध्ये हे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. वाढत्या वयात शरीर कॅल्शियम आणि लोहासाठी आसुसलेलं असतं आणि त्या घाईत शिसंही उचलतं. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाच्या कक्षेत आढळली होती. रक्तक्षयाचं मोठं कारण लोहाची कमतरता असते. त्यामुळे तेवढंच शिसं पोटात गेलं तरी चांगलं खाणाऱ्या मुलापेक्षा कुपोषित मुलाच्या रक्तात ते जास्त उतरतं.

आत गेल्यावर शिसं रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतं. तिथे हिमोग्लोबिन तयार होण्याच्या साखळीत 'अलाड' नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. या विकराला जस्त लागतं. शिसं जस्ताला हुसकावून त्याची जागा घेतं आणि काम थांबतं. म्हणजे लोह कमी म्हणून शिसं जास्त शोषलं जातं आणि शिसं जास्त म्हणून रक्त आणखी कमी होतं, असं हे दुष्टचक्र आहे.

मेंदूत बिघाड वेगळ्या प्रकारे होतो. चेतापेशी एकमेकींशी बोलतात ते कॅल्शियमच्या इशाऱ्यांवर. पहिल्या काही वर्षांत या पेशींचे जोड वेगाने तयार होतात आणि नको असलेले छाटले जातात. कोणता जोड ठेवायचा हे ठरवण्याच्या या काळात शिसं मध्ये घुसलं की इशारे चुकतात. मोठ्या माणसाच्या मेंदूला संरक्षण देणारा रक्त आणि मेंदू यांमधला पडदा लहान मुलांत पुरता तयार झालेला नसतो. त्यामुळे एकाच घरात, एकाच धुळीत राहणाऱ्या बापाला काही होत नाही आणि रांगणाऱ्या मुलीला होतं.

रक्त, दात, हाड: कुठे मोजायचं?

शरीरात विष शिरल्याची मोजता येणारी खूण म्हणजे बायोमार्कर, मराठीत जैवनिर्देशक. शिशासाठी सर्वांत वापरला जाणारा जैवनिर्देशक रक्त आहे, पण रक्ताची आठवण अल्पकाळ टिकते. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. तीन महिन्यांपूर्वी मूल एखाद्या जुन्या रंगाच्या भिंतीजवळ खेळत असेल आणि आता घर बदललं असेल, तर रक्ताचा अहवाल त्यातलं फारसं काही सांगणार नाही.

बाहेर पडत नाही ते शिसं हाडांत आणि दातांत जातं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांतच असतं आणि तिथे ते दशकानुदशकं राहतं. नीडलमन यांनी दात मागितले ते यासाठीच. दुधाचा दात म्हणजे मुलाच्या पहिल्या सहा-सात वर्षांची वहीच, आणि सुई न टोचता मिळणारी.

हाडांतलं शिसं कायम झोपून राहत नाही. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम काढलं जातं, त्याबरोबर तिच्या लहानपणी साठलेलं शिसंही रक्तात येतं आणि नाळेतून बाळापर्यंत पोहोचतं. म्हणजे बाळाचा शिशाशी संबंध त्याच्या जन्माच्या वीस-पंचवीस वर्षं आधीच सुरू झालेला असू शकतो.

मोजण्यातही अडचणी असतात. बोटाला टोचून रक्त घेताना बोटावरची धूळ थेंबात मिसळली तरी आकडा वाढतो. म्हणून बोटाच्या रक्तात शिसं जास्त दिसलं तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करावी लागते. या धुळीचा सर्वांत प्रसिद्ध अनुभव क्लेअर पॅटरसन यांना आला. ते भूरसायनशास्त्रज्ञ होते आणि उल्केतल्या शिशाच्या आधारे पृथ्वीचं वय काढत होते. प्रयोगशाळेतली हवा, पाणी, भांडी, स्वतःचे केस, सगळीकडून नमुन्यात शिसं येत होतं. त्यांना अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारावी लागली. १९५६ मध्ये त्यांनी पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. मग ते वेगळ्याच प्रश्नाकडे वळले: एवढं शिसं आपल्या अवतीभवती आलं कुठून?

'सुरक्षित पातळी' का घसरत गेली?

उत्तराचा मोठा भाग पेट्रोलमध्ये होता. इंजिनाची ठोठो थांबवण्यासाठी १९२० च्या दशकापासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत होते. तिथून ती पद्धत जगभर गेली. या उद्योगाचे वैद्यकीय तज्ज्ञ रॉबर्ट किहो यांचं म्हणणं होतं की शिसं माणसाच्या शरीरात नैसर्गिकरीत्याच असतं आणि दर डेसिलिटर रक्तात ८० मायक्रोग्रॅमच्या खाली काळजीचं कारण नाही. एक डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. किहो यांनी अनेक वर्षं खूप माणसं तपासली होती, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

पॅटरसन यांनी १९६५ मध्ये यातली चूक दाखवली. किहो यांनी 'नेहमी आढळणारं' आणि 'नैसर्गिक' यांत गल्लत केली होती. सगळ्यांच्याच रक्तात शिसं सापडतं, याचा अर्थ ते तिथे असायला हवं असा होत नाही. सगळेच बाधित आहेत, हाही त्याचा अर्थ असू शकतो. तुलनेसाठी निवडलेला 'निरोगी' गट खरोखर निरोगी आहे का, हा प्रश्न आज बायोमेडिकल सायन्सच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थीही विचारतो. तेव्हा तो विचारायला दुसऱ्या शास्त्रातला माणूस यावा लागला.

अमेरिकेत लहान मुलांसाठी काळजीची मानली जाणारी पातळी १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅम होती. १९७० च्या दशकात ती ४० आणि मग ३० झाली. १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. शिसं दरवर्षी जास्त विषारी होत गेलं असं नाही. आधी फक्त झटके येणारी, बेशुद्ध पडणारी मुलं मोजली जात होती. मग रक्तक्षय झालेली मोजली जाऊ लागली. मग वर्गात मागे पडणारी. मोजण्याची नजर बारीक होत गेली तशी रेषा खाली आली. आजच्या ३.५ या आकड्याचाही अर्थ 'इथपर्यंत चालेल' असा नाही. याहून जास्त शिसं असलेलं मूल इतर बहुतेक मुलांपेक्षा जास्त बाधित आहे, एवढंच तो सांगतो. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी आजवर कुणालाही सापडलेली नाही.

उलट २००५ मध्ये एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. वेगवेगळ्या देशांतल्या सात अभ्यासांमधल्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा रक्तातलं शिसं २.४ वरून १० मायक्रोग्रॅमवर जाताना बुद्ध्यांक सरासरी ३.९ गुणांनी घसरलेला दिसला. १० वरून २० वर जाताना मात्र घसरण १.९ गुणांचीच होती. पहिल्या थोड्याशा शिशानेच सर्वांत जास्त नुकसान केलेलं होतं. 'मर्यादेच्या आत आहे' हे वाक्य म्हणूनच फारसा दिलासा देत नाही.

चार गुणांनी काय होतं, असं वाटू शकतं. एका मुलाला खरंच फार फरक जाणवणार नाही. पण एका शहरातल्या सगळ्याच मुलांची सरासरी तेवढी खाली सरकली तर विशेष मदत लागणाऱ्या मुलांची संख्या बरीच वाढते आणि अतिशय हुशार मुलांची कमी होते. नीडलमन यांनी आपल्या मुलांचा ११ वर्षांनी पुन्हा शोध घेतला, तेव्हा दातात जास्त शिसं असलेली मुलं शाळा सोडण्यात आणि वाचनात अडखळण्यात पुढे होती.

पण हे गरिबीमुळे झालं नसेल कशावरून?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो घेतलाही गेला. पडक्या, जुन्या रंगाच्या घरात राहणारी मुलं गरीबही असतात. मग अभ्यासात मागे पडण्याचं कारण शिसं की गरिबी? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. नीडलमन यांनी आईचा बुद्ध्यांक, पालकांचं शिक्षण, आर्थिक स्थिती यांचा हिशेब धरूनच तुलना केली होती. तरी १९९० च्या दशकात शिसे उद्योगाच्या बाजूने काम केलेल्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर वैज्ञानिक गैरवर्तनाचा आरोप केला. उघड सुनावणी झाली. काही तांत्रिक चुका निघाल्या, गैरवर्तन सिद्ध झालं नाही आणि मूळ निष्कर्ष टिकला.

एकट्या दातांच्या अभ्यासावर हा निष्कर्ष उभा राहिला नसता. प्रयोगशाळेत पिंजऱ्यातल्या उंदरांना शिसं दिलं तर तेही शिकण्यात मागे पडतात, आणि उंदरांमध्ये गरीब-श्रीमंत नसतं. पेशींवरचे प्रयोग शिसं नेमकं कुठे अडथळा आणतं ते दाखवतात. माणसांच्या पाहणीत प्रमाण वाढेल तसा परिणाम वाढताना दिसतो. आणि कारण काढून घेतलं की परिणाम कमी होतो का, हेही तपासता आलं. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं, तेव्हा लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी घटलं. दोन्ही आलेख इतके सोबत उतरले की पुढे वाद घालायला जागा उरली नाही. पर्यावरणातल्या कोणत्याही धोक्याबद्दल बोलताना असे निरनिराळ्या दिशांनी आलेले पुरावे जुळावे लागतात. व्हॉट्सॲपवर 'अमुक खाल्ल्याने कॅन्सर होतो' असा संदेश आला तर यातला एक तरी पुरावा त्यामागे आहे का, हे विचारता येतं.

हळदीत शिसं आलं कुठून?

शिशाचं पेट्रोल आता जगात कुठेही विकलं जात नाही. शेवटचा देश होता अल्जेरिया, तिथेही ते २०२१ मध्ये बंद झालं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. तरीही प्रश्न संपला नाही. पेट्रोलमधलं शिसं गेल्यानंतर मुंबईत मुलांची तपासणी झाली, तेव्हा आधीच्या तुलनेत सुधारणा दिसली. पण जवळपास एक तृतीयांश मुलांच्या रक्तात अजूनही १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं होतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालातला अंदाज असा की जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आहे आणि त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी भारतात आहेत. हा मोजणीचा नव्हे, गणिती अंदाजाचा आकडा आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

मग हे शिसं येतं कुठून? एक उत्तर बांगलादेशात सापडलं. तिथल्या खेड्यांतल्या अनेक गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त निघालं. जवळ कारखाना नव्हता, घरांना रंग नव्हता, गाड्यांची वर्दळ नव्हती. अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातली 'आयसीडीडीआर,बी' ही संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी या बायकांच्या घरातल्या वस्तू तपासायला घेतल्या: माती, तांदूळ, कीटकनाशकं, अन्नाचे डबे, हळद.

इथे एक सुंदर पद्धत कामी आली. शिशाचे अणू चार स्थिर वजनांचे असतात, त्यांना समस्थानिकं म्हणतात. वेगवेगळ्या खाणींतल्या शिशात या चार वजनांचं प्रमाण वेगळं असतं, जणू बोटांचे ठसेच. रक्तातल्या शिशाचा ठसा आणि हळदीतल्या शिशाचा ठसा ताडून पाहिला, तेव्हा हळद हाच मुख्य संशयित ठरला. हळकुंडांना पॉलिश करताना गिरण्यांमध्ये लेड क्रोमेट नावाचा भडक पिवळा रंग टाकत होते. ही सवय १९८० च्या दशकात लागली होती. पुरामुळे हळद नीट वाळली नाही, काळपट पडली, आणि गिऱ्हाइकाला तर पिवळीधमक हळद हवी होती. गिरणीवाल्यांपैकी अनेकांना हा रंग इतका घातक आहे हे माहीतही नव्हतं.

२०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि बांगलादेश सरकारने वेगाने हालचाल केली. ढाक्याच्या श्यामबाजार या घाऊक बाजारात धाड पडली, व्यापाऱ्यांना दंड झाला, वर्तमानपत्रांतून आणि फलकांवरून इशारे दिले गेले. बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी २०१९ मध्ये ४७ टक्क्यांत शिसं सापडत होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. गिरणी कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. सार्वजनिक आरोग्यात इतक्या झटपट मिळालेलं यश विरळाच.

त्याच संशोधकांच्या गटाने मग भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून हळद घेतली. बहुतेक नमुने ठीक निघाले. पण पाटणा, कराची आणि पेशावरच्या काही नमुन्यांत दर ग्रॅममध्ये १,००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं होतं. भारतात हळदीतल्या शिशाची कायदेशीर मर्यादा दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम आहे. हे मातीतून आलेलं शिसं नाही हे कसं कळलं? अशा नमुन्यांत शिशाच्या एका अणूमागे क्रोमियमचा जवळपास एक अणू सापडला. लेड क्रोमेटमध्ये नेमकं हेच प्रमाण असतं. सांगली आणि हिंगोलीसारखे जिल्हे हळदीवर जगतात, त्यामुळे हा विषय महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्याही जिव्हाळ्याचा आहे. दुसऱ्या टोकाला कुणी भेसळ केली तरी संशय प्रामाणिक मालावर येतो.

औषध घेऊन शिसं काढता येत नाही का?

येतं, पण उपयोग मर्यादित आहे. रक्तातलं शिसं ४५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं देतात आणि ती जीव वाचवतात. मध्यम पातळीच्या मुलांना ती देऊन मेंदूचं नुकसान भरून निघतं का, हे अमेरिकेत ७८० मुलांवर तपासलं गेलं. निम्म्या मुलांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. औषधाने रक्तातलं शिसं उतरलं. बुद्ध्यांकात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. २००१ मध्ये हा निकाल आला, आणि तेव्हापासून शिशाच्या बाबतीत सगळा भर मुलाच्या तोंडात ते जाऊच नये यावर आहे. 'बॉडी डिटॉक्स'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्णांनी हे साधेल, असं मानायला काहीही आधार नाही.

हे शिकायचं असेल तर?

दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत बायोमेडिकल सायन्सची थेट पदवी आहे आणि त्याच विद्यापीठाच्या डॉ. बी. आर. आंबेडकर सेंटर फॉर बायोमेडिकल रिसर्चमध्ये पदव्युत्तर शिक्षण होतं. महाराष्ट्रातले बहुतेक विद्यार्थी बारावी विज्ञाननंतर जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजीत बीएस्सी करून या क्षेत्रात येतात. तो मार्गही तितकाच चांगला आहे. पर्यावरण आणि आरोग्य यांच्या सीमेवर काम करणाऱ्या सरकारी संस्था आहेत: नागपूरची नीरी, अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, लखनौची भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था आणि वायुदुर्घटनेनंतरच्या भोपाळमधली पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था. पदवीनंतर लगेच मोठा पगार मिळेल या अपेक्षेने इकडे येऊ नये. संशोधनात पाय रोवायला बहुतेकांना पीएचडी लागते. काम मात्र भरपूर पडून आहे. भारतात लहान मुलांच्या नेहमीच्या तपासण्यांत रक्तातलं शिसं मोजलंच जात नाही.

घरात काय पाहावं?

हळद घेताना अनैसर्गिक भडक पिवळ्या रंगाला भुलू नये. शक्य असेल तर खात्रीच्या ठिकाणची हळकुंडं आणून दळून घ्यावीत, पण पॉलिशचा रंग हळकुंडावरही असू शकतो. घराच्या रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण त्याआधीचे थर भिंतींवर आणि खिडक्यांच्या गजांवर असतात. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ होते. म्हणून रंगकाम चालू असताना लहान मुलं आणि गरोदर बाई यांना त्या घरात ठेवू नये, आणि नंतर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावं. पारंपरिक शेंदूर हे शिशाचंच ऑक्साइड आहे, मुलाच्या कपाळाला लावला तर तो बोटांवरून तोंडात जातो. कल्हई शुद्ध कथिलाची असावी, शिसं मिसळलेली नको. जुन्या बॅटऱ्या फोडणं किंवा वितळवणं हे घरात किंवा वस्तीत कधीच होऊ नये. तसं काम करणाऱ्याने घरी येण्याआधी अंघोळ करून कपडे बदलावेत. मुलाच्या जेवणात लोह आणि कॅल्शियम असेल तर शिशाला आत शिरायला जागा कमी मिळते. शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ताची तपासणी करता येते, मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत ती होते.

आणि शिसपेन्सिल? तिच्यात शिसं नसतं, नावापुरतंच आहे. आतली काळी कांडी ग्रॅफाइट आणि चिकणमातीची असते. मूल पेन्सिल चघळत असेल तर पाहायचा असेल तो तिच्यावरचा बाहेरचा रंग.